बाल व किशोर मनोविकारतज्ज्ञ व्हायचे आहे: एमडी मनोविकारशास्त्रात करावे की बालरोगशास्त्रात?

प्रश्न (इंटर्न, पुणे)

नमस्कार. मी पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करीत असून सोबत नीट-पीजीची (पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची) तयारी चालू आहे. मनोविकारशास्त्र विभागातील पोस्टिंगच्या काळात बालमार्गदर्शन ओपीडीत बसायला मिळाले आणि तेव्हापासून बाल व किशोर मनोविकारतज्ज्ञ व्हावे असे मनाने घेतले आहे. त्यासाठी नेमके कोणत्या वाटेने जावे, हे मात्र जितक्या जणांना विचारले तितकी उत्तरे मिळाली, म्हणून येथे लिहीत आहे.

माझे मामा साताऱ्यात बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांचे म्हणणे असे की आधी बालरोगशास्त्रात एमडी करावे आणि मग विकासात्मक बालरोगशास्त्राची एखादी फेलोशिप करावी, कारण आईवडील मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे बिनदिक्कत आणतात, पण मनोविकारतज्ज्ञाची पाटी वाचून जिन्यावरून परत फिरतात. शिवाय पुढे मन बदलले तरी बालरोगतज्ज्ञाचे काही अडत नाही. आमच्या विभागातील सरांना हे अजिबात पटत नाही. मनोविकारशास्त्राचा पाया नसेल तर हे काम अर्धवटच राहील, असे ते सांगतात. एक वरिष्ठ मैत्रीण म्हणते की डीएम (एमडीनंतरची अतिविशेषज्ञ पदवी) केल्याशिवाय स्वतःला बालमनोविकारतज्ज्ञ म्हणवून घेणेच गैर आहे, आणि वर्गातला एक मित्र तर इंग्लंडला जाण्यावाचून पर्याय नाही असे ठामपणे सांगतो.

तेव्हा पदव्युत्तर शाखा कोणती निवडावी, डीएम खरोखरच आवश्यक आहे का, आणि घरच्या कारणाने पुढील तीन वर्षे पुण्यातच राहावे लागले तर येथे या विषयाचे कितपत शिक्षण मिळते, याविषयी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

उत्तर १ (बालमनोविकारतज्ज्ञ, कोथरूड)

तुमच्या मामांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे आणि सरांचेही खोटे नाही. ते दोघे वेगवेगळ्या वयाच्या मुलांविषयी बोलत आहेत. अडीच-तीन वर्षांचे मूल बोलत नाही, हाक मारली तर पाहत नाही, गाडीची चाकेच फिरवत बसते, अशी तक्रार घेऊन येणारे आईवडील पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञाकडेच जातात आणि तेच योग्य आहे. याउलट पंधरा वर्षांची मुलगी दोन महिने खोलीबाहेर येत नाही, रात्रभर जागते, शेजारी आपल्याविषयीच बोलतात असे म्हणते, तेव्हा लागणारे ज्ञान मनोविकारशास्त्राच्या वॉर्डातच मिळते. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर विकार प्रौढांत कसे दिसतात हे शेकडो रुग्णांत पाहिलेले नसेल, तर किशोरवयातला त्यांचा धूसर आरंभ ओळखता येत नाही. आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्मे विकार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, ही गोष्ट लक्षात घेतली की किशोरवय हे या विषयाचे शेपूट नसून धड आहे, हे कळते.

म्हणून तुम्ही स्वतःला एकच गोष्ट विचारा: कोणत्या वयाचे मूल समोर बसले की तुमचे घड्याळाकडे लक्ष जात नाही? उत्तर लहान मूल असे आले तर मामांचा रस्ता धरा आणि त्यात कमीपणा मानू नका. किशोरवयीन मुले, स्वतःला इजा करणे, खाण्याचे विकार, ओसीडी (तोच विचार वा कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार), नैराश्य आणि व्यसने यांकडे ओढा असेल तर एमडी किंवा तिच्याशी समकक्ष असलेली डीएनबी मनोविकारशास्त्रातच करा.

मनोविकारशास्त्राच्या बाजूने आणखी एक कारण आहे, जे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. मुलाच्या केसमध्ये बहुतेक वेळा दुसरा रुग्ण खुर्चीवर शेजारीच बसलेला असतो. आईला बाळंतपणापासून चालत आलेले नैराश्य असते, वडिलांचे पिणे घरात कोणी उच्चारत नाही, आजीची चिंता नातवाच्या पोटदुखीत उतरलेली असते. सकाळची शाळा असलेला, पाचवी-सहावीतला मुलगा सोमवारी सहा वाजता पोट धरून बसतो आणि व्हॅन निघून गेली की साडेसातला पोहे मागतो, अशी केस पुण्यातल्या कोणत्याही बालमनोविकार ओपीडीत दर आठवड्याला येते. सोनोग्राफी झालेली असते, जंताचे औषध दोनदा देऊन झालेले असते. अशा वेळी मी व्हॅनवाल्या काकांना काय दिसते ते विचारून घ्यायला सांगतो, कारण मूल व्हॅनमध्ये बसल्यावर रडते की शाळेच्या फाटकाशी रडते, यावरून भीती घर सोडण्याची आहे की शाळेतल्या कोणाची, याचा पहिला धागा हाती लागतो. घर सोडण्याची भीती निघाली, तर घरात कोण आजारी आहे, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, रात्री भांडण कोणत्या खोलीत होते, इथपर्यंत जावे लागते. प्रौढांचे मनोविकार हाताळण्याची सवय नसलेला डॉक्टर नेमका या ठिकाणी थबकतो आणि मुलाला टॉनिक लिहून देतो.

आता डीएमविषयी. बाल व किशोर मनोविकारशास्त्रातील डीएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यासाठी मनोविकारशास्त्रातील एमडी अथवा डीएनबी लागते. म्हणजे एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच, एमडीची तीन आणि ही तीन अशी साडेअकरा वर्षे होतात, आणि मधली प्रवेशपरीक्षांची व बंधपत्रित सेवेची वर्षे वेगळी. देशभरात जागा मोजक्याच आहेत. बंगळुरूची निम्हान्स आणि चंडीगडची पीजीआय या दोन संस्थांची नावे प्रथम घेतली जातात; त्यांचा प्रवेश आयएनआय-एसएस या परीक्षेतून होतो, तर इतर बहुतेक संस्थांचा नीट-एसएसमधून. निम्हान्समध्ये मुलांचा स्वतंत्र आंतररुग्ण विभाग आहे आणि तेथे पालक मुलासोबत राहतात, त्यामुळे जेवताना, झोपवताना, हट्टाच्या वेळी आई नेमके काय करते हे डोळ्यांसमोर दिसते. ओपीडीतल्या वीस मिनिटांत हे कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते डीएमचे खरे मोल तेथे आहे.

तरीही तुमच्या मैत्रिणीचे मत मला टोकाचे वाटते. मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीएनबी झालेल्या डॉक्टरने मुलांवर उपचार करण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि आपल्याकडे या क्षेत्रातील बरेचसे काम अशाच डॉक्टरांनी उभे केले आहे. जी पदवी नाही ती पाटीवर सूचित करू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. डीएम अशांनी करावे ज्यांना शिकवायचे आहे, संशोधन करायचे आहे, किंवा अत्यंत गुंतागुंतीच्या केसेस हाताळायच्या आहेत. मधला मार्ग म्हणून काही संस्थांत एमडीनंतर फेलोशिप करता येते; मात्र तिला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे आणि तेथे मुलांचा वॉर्ड आहे की फक्त ओपीडी, हे आधी पाहावे.

इंग्लंडविषयी थोडक्यात सांगतो. तेथे तीन वर्षांचे मूलभूत मनोविकार प्रशिक्षण आणि त्यानंतर बाल व किशोर विभागाची तीन वर्षे अशी रचना आहे. अमेरिकेत सर्वसाधारण मनोविकारशास्त्राची चार वर्षे असून तिसऱ्या वर्षानंतरच दोन वर्षांच्या बालविभागाकडे वळता येते. दोन्ही देशांत आधी प्रौढांचेच मनोविकारशास्त्र शिकावे लागते, हे तुमच्या मित्राला जरूर सांगा.

उत्तर २ (विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, पुणे)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु टॉनिक लिहून देणारा डॉक्टर हे वाक्य आम्हा बालरोगवाल्यांना जरा झोंबले, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मुलाच्या वागण्यातील बदल दरवेळी मनातूनच आलेला असतो असे नाही. वर्गात तंद्री लागते, बाई बोलतात तिकडे लक्ष नसते, म्हणून एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या व अतिचंचलतेच्या विकाराची) शंका घेऊन आलेल्या मुलीला मी टेबलाजवळ उभे करतो, कागदाची पट्टी तिच्या तोंडासमोर धरतो आणि ती हलत राहील अशी तीन मिनिटे सलग, खोल फुंकर मारायला लावतो. बहुतेक मुली हसत हसत फुंकतात आणि काहीच होत नाही. एखादी मात्र मध्येच थांबते, नजर गोठते, पापण्या फडफडतात आणि काही सेकंदांनी ती जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा फुंकू लागते. तो अॅब्सेन्स प्रकारचा (काही क्षण भान हरपण्याचा) अपस्मार असतो, त्यासाठी ईईजी (मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख) लागतो आणि त्याचे औषध वेगळे असते. चांगला हुशार मुलगा वर्षभरात मागे पडू लागला, विसरू लागला आणि मग हातापायांना झटके येऊ लागले, तर लहानपणी गोवर झाला होता का हे विचारावे लागते, कारण एसएसपीई हा मेंदूचा आजार गोवरानंतर कित्येक वर्षांनी असा चोरपावलांनी येतो. अक्षर बिघडले, चिडचिड वाढली आणि कावीळ होऊन गेली असा इतिहास मिळाला, तर विल्सनचा आजार (शरीरात तांबे साचण्याचा विकार) डोक्यात यायला हवा. बोलत नाही म्हणून स्वमग्नता हे निदान करण्यापूर्वी श्रवणचाचणी झालीच पाहिजे, हे तर प्राथमिक झाले.

या गोष्टी मनोविकारतज्ज्ञाला शिकता येत नाहीत असे मी म्हणत नाही. पण मनोविकारशास्त्रातील निवासी डॉक्टरांनी बालरोग आणि बालमेंदूविकार विभागांत काही आठवडे मन लावून काढले नाहीत, तर पुढे त्याची भरपाई होत नाही, आणि प्रत्यक्षात ते आठवडे पुष्कळदा हजेरीपुरतेच होतात.

पंधरा वर्षांच्या मुलीविषयी वर जे म्हटले आहे ते मला मान्य आहे. माझ्याकडे तशी मुलगी आली तर मी तिला मनोविकारतज्ज्ञाकडेच पाठवतो. मामांचा जिन्यावरून परत फिरणाऱ्या पालकांचा मुद्दा मात्र आता पूर्वीइतका खरा उरलेला नाही. निदान शहरात तरी शाळांतील समुपदेशकच चिठ्ठी देऊन पाठवतात, आणि पालक पाटीपेक्षा चिठ्ठी पाहतात.

उत्तर ३ (मनोविकारशास्त्र, तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर)

पुण्यात राहून काय मिळते, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालय, लष्कराचे एएफएमसी, भारती विद्यापीठ, डी. वाय. पाटील अशा शिकण्याच्या जागा शहरात आहेत आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालयही येथेच आहे. म्हणजे प्रौढ मनोविकारशास्त्रासाठी पुणे सोडण्याची गरज नाही. मुलांच्या बाबतीत मात्र विभागागणिक फार फरक पडतो आणि हा फरक महाविद्यालयाच्या नावावरून कळत नाही.

माझे पहिले वर्ष जवळजवळ संपूर्ण वॉर्ड, रात्रीच्या तातडीच्या केसेस, दारू सुटल्यानंतरची डिलिरियमची (भ्रमिष्टपणाची) अवस्था आणि इतर विभागांतून येणारे रेफरल यांतच गेले. मुले दिसली ती अपघाताने, बहुधा बालरोग वॉर्डातून उंदीर मारण्याचे औषध घेतलेल्या किशोरांच्या रूपाने. हे वर्ष वाया गेले असे मला त्या वेळी वाटत असे. पण आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाशी पहिली पाच मिनिटे कशी बोलावीत हे मी तेथेच शिकले, आणि तेरा वर्षांच्या मुलाशी बोलताना तेच उपयोगी पडते.

बालविभागाचे शिक्षण आपण होऊन ओढून घ्यावे लागते. आमच्या ओपीडीत मानसशास्त्रज्ञ चाचणी घेत असताना मागे बसण्याची परवानगी मागून घेतली, तर कोणी नाही म्हणत नाही. विशेष शिक्षिका वाचनदोष असलेल्या मुलासमोर बालभारतीचे पान कसे झाकून एकेक ओळ उघडते हे पाहिले, म्हणजे अहवालातल्या गुणांना अर्थ येतो. नव्या नियमांनुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात (जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कामासाठी) जावे लागते. बहुतेक जण ते महिने अभ्यासाला मोकळे मिळाले असे मानतात, पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांतून जी मुले शोधून पाठवतात ती तेथे दिसतात. शहरात दुसऱ्या वर्षी निदान झालेले मूल आणि तालुक्याच्या गावात सातव्या वर्षी प्रथमच डॉक्टरसमोर आलेले मूल, यांच्यातला फरक मला त्या तीन महिन्यांत जितका कळला तितका पुस्तकांतून कळला नव्हता.

थीसिससाठी बालविषय घ्या, मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. अठरा वर्षांखालील सहभागींसाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय सात वर्षांपासून पुढे मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते, आणि बारा वर्षांपासून ती लेखी असावी लागते. नैतिकता समितीकडून या एका मुद्द्यावर कागद परत येतात. शिवाय मुलांच्या ओपीडीला हंगाम असतो. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत ती ओस पडते, आणि जूनमध्ये व सहामाहीचा निकाल लागल्यानंतर तोबा गर्दी होते. रुग्णसंख्येचा अंदाज गर्दीच्या महिन्यावरून बांधला तर वर्षअखेर हिशेब चुकतो.

उत्तर ४ (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ)

एका मुद्द्याची भर घालते. १९३७ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले, तेव्हापासून हे काम डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांनी मिळून करायचे आहे हे गृहीतच धरलेले आहे. तरीही चाचणीकडे रक्ततपासणीसारखे पाहणारे, आकडा मागून मोकळे होणारे डॉक्टर मला आजही भेटतात.

बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच प्रथम बसवली गेली, म्हणून ती आपल्याकडे अजून टिकून आहे. पण ती बरीच जुनी आहे, आणि घरी मराठी, शाळेत इंग्रजी, सोसायटीत हिंदी बोलणाऱ्या मुलाला ती कोणत्या भाषेत दिली हे अहवालात लिहिलेले नसेल, तर त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारणतः आठ वर्षांनंतरच देता येते. पहिलीतल्या मुलासाठी ते मागणाऱ्या पालकांना समजावून परत पाठवणे आणि दहावीच्या तोंडावर, अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असताना लेखनिक व वाढीव वेळेच्या सवलतीसाठी धावत आलेल्यांना वाट दाखवणे, हाही तुमच्या कामाचा मोठा भाग असेल. पाठ्यपुस्तकांत त्याला एक परिच्छेदही नसतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मी मनोविकारशास्त्रच निवडेन असे आता वाटू लागले आहे. मामांना हा सारा मजकूर वाचायला देणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. किशोरवयीन रुग्णाने सांगितलेली गोष्ट आईवडिलांपासून कितपत गुप्त ठेवता येते? ओपीडीत हे मला सर्वांत अवघड वाटले होते. आणि पसंतीक्रम भरताना, कोणत्या विभागात मुलांचे काम खरोखर चालते हे बाहेरून कसे ओळखावे?

उत्तर १ (बालमनोविकारतज्ज्ञ, कोथरूड)

पहिल्या शंकेचे उत्तर एमडीच्या तीन वर्षांत कोणी सलग शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुप्ततेची बोलणी केसच्या सुरुवातीला, आईवडील खोलीत असतानाच करायची असतात. मी दोघांसमोर सांगतो की हा किंवा ही माझ्याशी एकट्याने जे बोलेल त्यातले बरेचसे मी तुम्हाला सांगणार नाही; पण जिवाला धोका असेल, कोणी इजा करीत असेल किंवा हा दुसऱ्या कोणाला इजा करणार असेल, तर ते मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, आणि कोणाला सांगण्याआधी त्याला तसे सांगेन. आईचा चेहरा बहुधा उतरतो, कारण 'आमच्यात काहीच लपलेले नसते' असे तिने फोनवर सांगितलेले असते. तरी हे आधी बोललेले असले म्हणजे तिसऱ्या भेटीत सिगारेटचा विषय निघाला तेव्हा मुलगा आणि डॉक्टर दोघेही अडचणीत येत नाहीत.

त्यापलीकडे कायदा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीविरुद्ध लैंगिक गुन्हा घडल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. डॉक्टरला त्यातून सूट नाही. सतरा वर्षांची मुलगी आपल्याच वर्गातल्या मित्राविषयी मोकळेपणाने बोलू लागते, तेव्हा हा नियम अंगावर येतो. कायद्याला तिची संमती मान्य नाही. म्हणून काय सांगितल्यावर मला कळवावे लागेल, हे तिने सांगण्यापूर्वीच तिला माहीत असले पाहिजे. हे ऐकून ती काही काळ बोलणारच नाही, हे मान्य करावे लागते. नंतर फसवले गेल्याची भावना तिच्या मनात राहण्यापेक्षा ते बरे, असे माझे मत आहे, आणि याविषयी सहकाऱ्यांत मतभेद आहेत हेही नमूद करतो.

भरती करण्याच्या वेळी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागतो. त्याच्या कलम ८७ नुसार अल्पवयीन रुग्णाची भरती अपवादात्मक परिस्थितीतच करायची असते आणि तीही पालकाने नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून अर्ज केल्यावर; मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहायचे असते आणि भरतीची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय मुलांना ईसीटी (विजेच्या झटक्याचे उपचार) देता येत नाही. मुलांसाठी वेगळा वॉर्ड असलेली रुग्णालये इतकी कमी आहेत की ही कलमे वाचताना बेड कोठून आणायचा हाच प्रश्न पहिला पडतो.

औषधांविषयी एकच सांगतो, कारण ते कोणत्याही पुस्तकात मी या रूपात वाचलेले नाही. एडीएचडीवरील मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. त्यामुळे मूल सकाळच्या अधिवेशनात आहे की दुपारच्या, घरातून निघायची वेळ काय आणि डबा केव्हा खाल्ला जातो, हे विचारल्याशिवाय गोळीची वेळ ठरवता येत नाही. सकाळी सातच्या शाळेला उपाशीपोटी गोळी घेऊन गेलेले मूल डबा तसाच परत आणते, आणि तीन महिन्यांनी वजन उतरले म्हणून आजी औषध बंद करते. हे औषध शेड्यूल एक्समध्ये (विक्रीवर कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या यादीत) असल्याने प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागते आणि ते ठेवणारी औषधदुकाने थोडी असतात. ती कोठे आहेत हे पालकांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ते चार दुकाने फिरून 'बंदी असलेले औषध दिले' अशी समजूत करून घेतात.

उत्तर ३ (मनोविकारशास्त्र, तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर)

दुसऱ्या शंकेचे उत्तर देते. पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या विभागातील दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला गाठा. प्राध्यापक चांगलेच सांगतील आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी परीक्षेच्या चिंतेत असतात. बालमार्गदर्शन ओपीडी कोणत्या वारी असते, त्या दिवशी विभागप्रमुख स्वतः बसतात की सगळे पहिल्या वर्षावर सोडलेले असते, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असलेला मानसशास्त्रज्ञ पूर्णवेळ आहे का, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत बालविषयावर किती थीसिस झाले, एवढे विचारा. सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात असल्यामुळे राज्याबाहेरचे पर्यायही तुमच्यासमोर येतील. घरच्या कारणाने ते सोडावे लागले तरी बाहेरच्या एखाद्या बालविभागात महिनाभराची पोस्टिंग मिळवण्यास तुमचे विद्यापीठ आणि विभाग परवानगी देतात का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. थीसिसचा आराखडा पहिल्या काही महिन्यांतच द्यावा लागतो, म्हणून गाईड होण्यास पात्र असलेल्या कोणाला मुलांच्या कामात रस आहे हे प्रवेशाआधी कळलेले बरे. आणि ओपीडीचा वार विचारल्यावर समोरच्या निवासी डॉक्टरला तो आठवावा लागला, तर तो विभाग यादीत दोन-तीन क्रमांक खाली घ्या.